पाहून गेलेल्यांची यादी

उर्वे कोइव सकाळी उठली की आधी चूल पेटवायची, मग कॉफीचं पाणी ठेवायची आणि पाण्याला आधण येईपर्यंत लॅपटॉपला जोडलेल्या डबीत आपलं ओळखपत्र खुपसायची. चार आकडे दाबले की तिचं आयुष्य, म्हणजे त्यातलं डॉक्टरांना ठाऊक असलेलं तेवढं, पडद्यावर उघडायचं. रक्ताचे आकडे, गुडघ्याचे फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या. उर्वेला त्यात काडीचा रस नव्हता. उभा जन्म डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधाचं फॅट मोजण्यात गेलेल्या बाईला स्वतःच्या कोलेस्टेरॉलचं काय कौतुक असणार! ती सरळ शेवटच्या पानावर जायची. तिथे एक यादी असायची: तुमच्या नोंदी कोणी पाहिल्या, कधी पाहिल्या, कुठून पाहिल्या.

ही यादी आमच्याकडे एस्टोनियात सगळ्यांनाच आहे. डॉक्टर असो, नर्स असो, की खुद्द खात्याचा साहेब, कुणी तुमच्या दुखण्यात डोकावलं की त्याचं नाव तिथे उमटतं आणि ते मग कुणाच्या बापाला पुसता येत नाही. लोक वर्षा-दोन वर्षांतून एकदा बघतात आणि विसरतात. उर्वे रोज बघायची, कारण तिला त्यात एकच नाव हवं असायचं. पिल्वी कोइव, परिचारिका, शहरातलं मोठं रुग्णालय.

पिल्वी तिची मुलगी. एकुलती एक, पंचेचाळीस वर्षांची, आणि तीन वर्षं आईशी एक अक्षर न बोललेली.

आमच्या भाषेत पिल्व म्हणजे ढग. ती जन्मली त्या दिवशी शेतात गवत वाळत पडलं होतं आणि तिचा बाप आर्वो दवाखान्याच्या खिडकीतून दिवसभर आभाळाकडे बघत बसला होता, म्हणून ते नाव. पुढे सरकारने सगळ्यांची दुखणी कागदावरून उचलून इंटरनेटवरच्या ढगात नेऊन ठेवली, तेव्हा गावच्या दवाखान्यातल्या मेरिके नर्सने उर्वेला समजावलं होतं, "अहो उर्वेताई, आता फाइल कपाटात नसते. सगळं ढगात."

"माझ्या घरी आहे ना एक ढग," उर्वे म्हणाली होती. "तिच्याकडे काही ठेवायला दिलं तर परत मिळत नाही. तुमच्या ढगाचं तुम्ही बघा."

तेव्हा पिल्वी तिशीची होती आणि मायलेकींचं आठवड्यातून दोनदा भांडण व्हायचं, म्हणजे सगळं सुरळीत होतं.

बिघडलं ते आर्वोच्या आजारात. पोटाचा कर्करोग निघाला आणि त्याने आपल्या नोंदींना कुलूप घातलं. तसा प्रत्येकाला हक्क आहे. एक बटण दाबायचं, सही करायची, की ती नोंद तुमच्याखेरीज कुणाला उघडत नाही. "पिल्वीला कळता कामा नये," तो म्हणाला. "ती मला जगवायला धावेल. मला आता धावपळ नको, उर्वे." उर्वेने नवऱ्याला शब्द दिला आणि मूग गिळून बसली. सात महिने पिल्वी फोनवर विचारत राहिली, "बाबा कसे आहेत?" आणि सात महिने उर्वे सांगत राहिली, "ठीक." शेवटी कळलं तेव्हा आर्वोचे अकरा दिवस उरले होते. मातीहून परत आल्यावर, लोक कॉफी पीत बसलेले असताना, पिल्वी आईला सगळ्यांदेखत म्हणाली, "दिवसभर मी परक्या माणसांना विचारते, कुठे दुखतंय म्हणून. माझ्या बापाला विचारू दिलं नाहीस तू." मग तिने कोट चढवला आणि निघून गेली.

त्यानंतर नवव्या दिवशी उर्वेच्या यादीत तिचं नाव आलं.

उर्वेला आधी वाटलं, चुकून झालं असेल. तीन आठवड्यांनी पुन्हा आलं. सकाळी सात वाजून दहा मिनिटं, म्हणजे कामावर चढल्या चढल्या. मग दोन महिन्यांनी पुन्हा. मग तिच्या ध्यानात आलं. पोरगी बोलत नव्हती, पण नजर ठेवून होती. आई पुन्हा काही लपवत नाही ना, एवढं बघून जात होती.

हे बेकायदा आहे, हे दोघींनाही ठाऊक होतं. जो रोगी तुमच्या हाताखाली नाही त्याची नोंद उघडायची नाही, मग ती सख्खी आई का असेना. तळं राखी तो पाणी चाखी, हे इथे चालत नाही. तळ्याच्या काठावर पावलं उमटतात. यादीत दिसत होती ती पावलंच. एक फोन केला असता तर मिटलं असतं, असं तुम्ही म्हणाल. पण आम्ही एस्टोनियाची माणसं फोन करण्याआधी तीनदा विचार करतो आणि तिसऱ्या विचाराला फोन खाली ठेवतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आई बसने दीड तासावर, आणि लेक तिची खुशाली आभाळातून काढते.

आणि आई तरी काय कमी होती? नवी नोंद पडली की दोन-तीन दिवसांत पिल्वीचं नाव येतं, हे तिने हेरलं. मग तिला तपासण्यांची हौसच लागली.

"आज काय दुखतंय, उर्वेताई?" मेरिके विचारायची.

"काही नाही. लोह बघ जरा."

"मार्चमध्ये बघितलंय. तुमच्यातल्या लोहाचे खिळे होतील."

"मग ड जीवनसत्त्व बघ. आणि गुडघ्याचा फोटो काढायला चिठ्ठी दे."

"त्या गुडघ्याचे माझ्या नातवापेक्षा जास्त फोटो झालेत," मेरिके म्हणायची आणि हसत सुई काढायची. ती काही दूधखुळी नव्हती, पण न विचारण्याइतकी शहाणी होती.

गेल्या सप्टेंबरात तर उर्वेने कहर केला. गाडी चालवायच्या परवान्यासाठी आरोग्याचा अर्ज स्वतःच पडद्यावर भरायचा असतो. त्यात शेवटी एक रिकामा चौकोन असतो: आणखी काही सांगायचं आहे का. गाडी विकून दोन वर्षं झाली होती, तरी उर्वेने अर्ज भरला. चौकोनात तिने लिहिलं: "गुडघा बरा आहे. यंदा सफरचंदं फार आली आहेत. उचलायला कोणी नाही." ती यादी उघडून वाट बघत बसली. पिल्वीचं नाव त्या आठवड्यात दोनदा आलं.

असं हे चाललं होतं, आणि उर्वेची त्यावर गुजराण होत होती. पोटभर नव्हे, पण उपाशीही नव्हे.

मग ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सौनात, म्हणजे तापल्या दगडांच्या वाफेच्या न्हाणीघरात, अंगाला साबण लावताना तिच्या बोटांना डाव्या स्तनात गाठ लागली. वालाच्या दाण्याएवढी. तिने साबण धुतला, पुन्हा चाचपलं. गाठ होती तिथेच होती. उर्वे बाकावर बसून राहिली, पार दगड निवेपर्यंत.

गुडघ्यासाठी दवाखान्यात पळणारी बाई या वेळी मात्र गेली नाही. कारण सोपं होतं. मेरिकेकडे गेलं की नोंद पडणार. नोंद पडली की पिल्वी बघणार. कामावर, कुठल्यातरी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, हातमोजे घालता घालता, पडद्यावर तिला कळणार की आता आईलाही. कुलूप घालावं, तर तेही तिला दिसणार. बापाच्या नोंदीवर मागाहून पाहिलेलं कुलूप पोरगी विसरली नसणार. कुलूप म्हणजे कर्करोग, एवढं तिला या घराने शिकवलंच होतं. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची. उर्वेने मूठ झाकली. पण रोज सकाळी कॉफीला आधण येईपर्यंत तिचा हात आपोआप डाव्या बाजूला जायचा.

बुधवारी फोन आला.

"उर्वे कोइव ना? मी तार्वो लेपिक. रुग्णालयाचा माहिती-सुरक्षा अधिकारी. घाबरू नका."

घाबरू नका म्हटलं की माणूस घाबरतोच. उर्वे खुर्चीवर बसली.

"आमच्याकडे दर महिन्याला तपासणी होते," तो माणूस म्हणाला. "कोणी कोणाची नोंद कशासाठी उघडली, ते. यंदा आम्ही नवी चाळणी लावली. कर्मचारी आणि रोगी एकाच आडनावाचे असतील तर वेगळे काढते. त्यात तुमची मुलगी निघाली. तीन वर्षांत एकतीस वेळा तिने तुमच्या नोंदी पाहिल्या. तुम्ही आमच्या रुग्णालयात कधीच आला नव्हतात."

"मीच सांगितलं होतं तिला," उर्वे म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं.

"असं? लेखी?"

"लेखी कशाला? आई आहे मी तिची. तोंडी सांगितलं. रविवारी. दर रविवारी बोलतो आम्ही."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

"उर्वेबाई, हे तुमच्याच नोंदींबद्दल आहे, म्हणून तुम्हाला कळायचा हक्क आहे. तुमच्या मुलीने काल मला लिहून दिलंय. वाचतो. 'मला कोणी सांगितलं नव्हतं. मी आपणहून पाहिलं. आई आणि मी तीन वर्षं बोललेलो नाही. तिला यातलं काही माहीत नाही, तिला त्रास देऊ नये.'"

उर्वेला वाटलं, या पोरीला जरा खोटं बोलायला शिकवायला हवं होतं. आणि लगेच तिला वाटलं, खोट्याचीच तर चीड आहे तिला.

"तिची नोकरी जाईल का?"

"ते गुरुवारी ठरेल, पुढच्या. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर लिहून पाठवा. यायची गरज नाही."

"मी येते."

"लेखी चालतं, खरंच."

"येते म्हटलं ना मी," उर्वे म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी बटाटे सोलताना तिच्या मनात एक गोष्ट आली. गुरुवारनंतर पिल्वीचं नाव यादीत यायचं बंद होणार. म्हणजे मग मेरिकेकडे बिनघोर जाता येईल. गाठ दाखवा, कापा, जाळा, काय हवं ते करा. पोरीला काही कळायचं नाही. ढगाला दार लागलं की आत काय चाललंय ते बाहेर कुणाला दिसतं? क्षणभर तिला अगदी हलकं वाटलं. मग त्या हलकेपणाची तिला इतकी लाज वाटली की तिने सोललेले बटाटे तसेच ठेवले आणि अंगणात जाऊन उभी राहिली.

गुरुवारी ती आठच्या बसने निघाली. अंगात माहेरच्या जत्रेला जाताना घालायची तो निळा कोट, पिशवीत काळ्या पावाचे दोन तुकडे आणि रानातल्या लिंगोनबेरीच्या मुरंब्याची बाटली. बाटली कोणासाठी, हे तिने स्वतःलाही सांगितलं नाही.

तार्वो लेपिकची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. तो चाळिशीचा, कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर घातलेला, बोलण्याआधी चष्मा पुसणारा माणूस निघाला. टेबलाच्या पलीकडे पिल्वी बसली होती.

तीन वर्षांत तिचे केस पांढरे झाले होते. उर्वेला यादीत तारीख दिसायची, वेळ दिसायची. केस दिसत नसत. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनी एकदमच टेबलाकडे पाहिलं.

"आई, तू कशाला आलीस?" पिल्वी हळू म्हणाली.

"बोलावलं होतं."

"मी बोलावलं नव्हतं," लेपिक म्हणाला. "पण बसा. कॉफी?"

कॉफी घेतली. लेपिकने चष्मा पुसला आणि यादी समोर ओढली. "नियम असा आहे की प्रत्येक वेळचं कारण विचारायचं. एकेक वाचतो. पहिली वेळ, मे महिना. उघडलेली नोंद: काहीच नाही. नोंदच नव्हती."

"बघितलं फक्त, आहे का काही," पिल्वी म्हणाली.

"पुढे. जून. रक्त तपासणी. ऑगस्ट. गुडघा. ऑक्टोबर. गुडघा. डिसेंबर. लोह. जानेवारी. गुडघा." त्याने मान वर केली. "उर्वेबाई, हा गुडघा फार वाईट आहे का?"

"चांगला आहे," उर्वे म्हणाली. "डोंगर चढते मी."

पिल्वीने आईकडे पाहिलं.

"गेल्या सप्टेंबरात वाहन परवान्याचा अर्ज. हा तुम्ही त्या आठवड्यात दोनदा उघडलात, पिल्वी. यात सफरचंदांबद्दल काहीतरी आहे," लेपिक म्हणाला. तो ते वाक्य वाचायला लागला आणि मध्येच थांबला. त्याने चष्मा पुन्हा पुसला. तो स्वच्छच होता. "हे दोनदा का पाहिलंत?"

पिल्वीने कॉफीचा कप बाजूला सरकवला. "पहिल्यांदा वाचलं तेव्हा गाडी काढली," ती म्हणाली. "पेट्रोल पंपापर्यंत गेले आणि परत आले. मग वाटलं, मी चुकीचं वाचलं असेल. म्हणून पुन्हा पाहिलं."

"आणि?"

"बरोबरच वाचलं होतं."

लेपिकने कागदावर काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. "आता मुख्य प्रश्न. का?"

"माझ्या वडिलांच्या वेळी मला सगळ्यांत शेवटी कळलं. पुन्हा तसं नको होतं. चूक आहे, मला माहितीये. वॉर्डातल्या नव्या मुलींना हे करू नका म्हणून मीच शिकवते. शिक्षा द्या. आईला यात घेऊ नका, तिला माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं," उर्वे म्हणाली.

पिल्वीची मान झटकन वर आली.

"पहिल्या दिवसापासून. रोज सकाळी बघते मी. एकतीस वेळा नाही, बत्तीस वेळा. एकदा तू सुट्टीच्या दिवशी पाहिलंस, ते यांच्या कागदात नसेल."

लेपिकने कागद पाहिला. "आहे. मोजताना चुकलं माझं."

"तुला माहीत होतं?" पिल्वीचा आवाज चढला. "तीन वर्षं? आणि मला एक फोन नाही केलास?"

"तू बघत होतीस ना."

"मग?"

"मला वाटलं, मी फोन केला तर तू बघणं बंद करशील," उर्वे म्हणाली. "तू फोन उचलशील की नाही, याचा भरवसा नव्हता. बघशील, याचा होता. म्हणून तो गुडघा. तू येऊन बघून जावीस म्हणून मी तो दर दोन महिन्यांनी दुखवून घेतला, पोरी."

पिल्वीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती रडते आहे की हसते आहे, ते उर्वेला कळेना. बहुधा दोन्ही.

लेपिक उठला आणि खिडकीपाशी गेला. कागदपत्रांत ज्याला रकाना नाही अशा गोष्टीचं काय करायचं, हे त्या बिचाऱ्याला कोणी शिकवलं नव्हतं. थोड्या वेळाने परत येऊन त्याने सांगायचं ते सांगितलं. नोकरी जाणार नाही. लेखी ताकीद मिळेल, तीन महिने पिल्वीचं प्रत्येक उघडणं तपासलं जाईल, आणि वर कळवावं लागेल, ते टळणार नाही. आजपासून आईची नोंद तिच्यासाठी बंद. "पुन्हा एकदा जरी नाव आलं तरी माझ्या हातात काही राहणार नाही. हे लक्षात ठेवा. कुणाच्या तरी नोंदीत कुणाच्या तरी वाईटावर असलेला माणूसही असाच डोकावतो. चाळणीला प्रेम दिसत नाही, आणि ते दिसू नये हेच बरं."

"बरोबर आहे," पिल्वी म्हणाली.

"मात्र एक रस्ता आहे," तो उर्वेकडे वळला. "तुम्ही तुमच्या पानावरून तिला परवानगी देऊ शकता. सही तुमची. मग ती घरी बसून, स्वतःच्या ओळखपत्राने, राजरोस पाहू शकेल. हा रस्ता पहिल्यापासून होता. तुम्ही दोघी खिडकीतून का ये-जा करत होतात, देव जाणे."

उर्वे म्हणाली, "बघते."

बसथांब्यापर्यंत पिल्वी बरोबर आली. अंगात नर्सचे कपडे, वर नुसताच कोट टाकलेला. वारा सुटला होता. उर्वेने मुरंब्याची बाटली काढून तिच्या हातात दिली आणि पिल्वीने ती खिशात घालायचा प्रयत्न केला. बाटली मावेना, म्हणून हातातच धरून उभी राहिली.

"परवानगी देऊ नकोस," पिल्वी म्हणाली.

"का?"

"मला नाही वाचायचं आता. तीन वर्षं वाचत होते, आणि त्यात तू कुठेच नव्हतीस. नुसता गुडघा." तिने नाक पुसलं. "मी विचारीन. तू सांगशील. माणसं करतात तसं."

"बरं."

"मग सांग. कशी आहेस?"

"ठीक," उर्वे म्हणाली.

सवयीने म्हणाली. आमच्याकडे घर जळत असलं तरी विचारणाऱ्याला हेच सांगतात. पण तो शब्द तोंडातून बाहेर पडला आणि पिल्वीचा चेहरा तिने पाहिला. पोरीने मान हलवली, ओठ मिटले, आणि रस्त्याकडे बघायला लागली. हाच शब्द तिने सात महिने फोनवर ऐकला होता. कोपऱ्यावरून बस वळली.

म्हटलं तर सगळं उर्वेच्या सोयीचं जुळून आलं होतं. नोंद बंद. यादी बंद. नोकरी शाबूत. पोरगी बोलायला लागलेली. आता बसमध्ये चढायचं, उद्या मेरिकेकडे जायचं आणि जे काय निघेल ते एकटीने निस्तरायचं. आर्वोने नेमकं हेच केलं होतं, प्रेमापोटीच केलं होतं, आणि त्या प्रेमाने मागे राहिलेल्या दोघींची तीन वर्षं खाल्ली होती. उर्वेला नवऱ्याचा इतक्या दिवसांत पहिल्यांदाच राग आला. मग स्वतःचा आला.

बस थांबली. दार उघडलं.

"पिल्वी," उर्वे म्हणाली, "डाव्या बाजूला गाठ आहे. स्तनात."

पिल्वी वळली.

"कधीपासून?"

"बारा दिवस. सौनात लागली हाताला."

"कोणी बघितली?"

"कोणी नाही. गेलेच नाही मी. गेले असते तर नोंद पडली असती आणि तुला तिथे, कामावर, पडद्यावर कळलं असतं. तसं कळायला नको होतं तुला. बाबांसारखं."

"बारा दिवस," पिल्वी म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मग हळूहळू तिच्यातली नर्स जागी झाली. "बोटाखाली हलते का? दुखते?"

"हलते थोडी. दुखत नाही. पिल्वी, मला भीती वाटते गं."

हे वाक्य उर्वेने आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं, आर्वोलाही नाही. पिल्वीने बाटली बाकावर ठेवली आणि आईचे दोन्ही हात हातांत घेतले. हात गार होते, दोघींचेही.

"आजी, चढताय का?" ड्रायव्हरने विचारलं. "पुढची गाडी थेट संध्याकाळी."

उर्वेने पिल्वीकडे पाहिलं.

"नाही," ती ड्रायव्हरला म्हणाली. "मुलीबरोबर आहे मी."